न पाहिलेल्या गावाची आठवण: 'स्किबरीन'चं गाणं समजून घेताना

बोस्टन किंवा शिकागोमधलं एखादं आयरिश वंशाचं घर. कुणाचं तरी लग्न झालंय, किंवा कुणाला तरी पोचवून मंडळी परतली आहेत. रात्र चढते, बाटल्या अर्ध्या होतात आणि कोपऱ्यातला म्हातारा काका डोळे मिटून गाणं धरतो. साथीला वाद्य नाही, ठेका नाही. गाण्यात मुलगा बापाला विचारतो की त्या देशाचं एवढं कौतुक सांगता, मग तो सोडून आलात कशाला? बाप सांगू लागतो, आणि चौथ्या-पाचव्या कडव्यापर्यंत निम्मी खोली डोळे पुसत असते.

गाण्याचं नाव 'स्किबरीन'. आयर्लंडच्या दक्षिण टोकाला, कॉर्क काउंटीच्या पश्चिम भागात हे छोटं बाजाराचं गाव आहे. रडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते पाहिलेलं नसतं. कित्येकांच्या पणज्यानेही पाहिलेलं नसतं. कुणाचं मूळ मेयोचं, कुणाचं गॉलवेचं, कुणाचं पार उत्तरेकडच्या टायरोनचं. तरी त्या रात्रीपुरते सगळेच स्किबरीनकर होतात.

मला या गाण्याची ओढ आहे ती याच कोड्यामुळे. जे आपण भोगलं नाही, जिथे कधी गेलो नाही, ते आपल्याला 'आठवतं' म्हणजे काय होतं? उत्तर शोधायला गेलं की वाटेत बटाट्याचा रोग लागतो, कुळांचे कायदे लागतात, मेंदूचा एक कोपरा लागतो आणि डब्लिनमधला एक जळालेला दप्तरखाना लागतो.

आधी गाणं काय सांगतं ते बघू. बाप म्हणतो, गावावर माझा जीव होता. पण पिकावर रोग पडला, गुरं-मेंढरं गेली, खंड आणि कर थकले. डिसेंबरच्या एका बोचऱ्या दिवशी जमीनदार आणि शेरीफ दारात आले, आम्हाला बाहेर काढलं, छपराला आग लावली. तुझी आई बर्फाळ जमिनीवर कोसळली ती उठलीच नाही. तू दोन वर्षांचा होतास. तुला माझ्या मोठ्या कोटात गुंडाळलं आणि रातोरात निघालो. बहुतेक पाठांत ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १८४८च्या उठावाचाही उल्लेख येतो; बाप त्यात होता आणि राजद्रोही म्हणून त्याचा शोध चालू होता. शेवटी मुलगा सूड घ्यायची शपथ घेतो.

गोष्ट एवढीच. पण तिच्या एकेका ओळीखाली एकेक कायद्याचं कलम पुरलेलं आहे. ते उकरून काढल्याशिवाय गाण्याचं वजन हाताला लागत नाही.

करपा, खंड आणि छप्पर

'पिकावर रोग पडला' म्हणजे बटाट्यावर करपा पडला. शास्त्रीय नाव फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. ढगाळ, दमट हवा मिळाली की पानांवर काळपट डाग पडतात, आणि बघता बघता आख्खं शेत सडून वास मारायला लागतं. आपल्याकडे आंबेगाव-खेड भागातल्या बटाटा उत्पादकांना हा रोग चांगला माहीत आहे. फरक असा की आपला शेतकरी बटाटा विकतो. १८४५ सालचा गरीब आयरिश माणूस तिन्ही त्रिकाळ बटाटाच खायचा. एकरभर बटाटा आणि घोटभर ताक यांवर एक कुटुंब वर्ष काढायचं, आणि त्यातही बहुतेकांनी 'लम्पर' ही एकच जात लावलेली असायची.

ओट, गहू, लोणी, डुकरं, गुरं हे सगळंही पिकत होतं आणि वाढत होतं, पण ते खंड भरण्यासाठी. कुळाने धान्य पिकवायचं, विकायचं, पैसा जमीनदाराकडे द्यायचा आणि पोट बटाट्यावर भरायचं, असा हा हिशेब होता. त्यामुळे करपा पडला तेव्हा देशात अन्न होतं, पण कुळाच्या ताटात नव्हतं. बंदरांतून धान्य आणि जनावरं बाहेर जातच राहिली. बाहेरून मका आला, पण तो विकत घ्यायला हाती पैसा हवा होता.

१८४५ मध्ये पिकाचा काही भाग गेला, १८४६ मध्ये जवळजवळ सगळंच गेलं. १८४७ला तिकडे अजूनही 'काळं सत्तेचाळीस' म्हणतात. सरकारने दुष्काळी कामं काढली. खडी फोडा, रस्ते करा. १८४७च्या वसंतात सात लाखांहून जास्त माणसं या कामांवर होती. ज्यांच्या घरी १९७२च्या दुष्काळातल्या खडीच्या कामाच्या गोष्टी सांगितल्या जातात त्यांना हे चित्र वेगळं समजावून सांगायला नको. मग कामं बंद झाली आणि सुपाची केंद्रं उघडली. त्या उन्हाळ्यात एका टप्प्यावर रोज तीस लाख लोक तिथे जेवत होते. पुढे तीही बंद झाली आणि गरिबांचा सगळा भार स्थानिक करांवर टाकून लंडनने हात झटकले.

गाण्यातलं जळतं छप्पर इथे येतं. दोन नियम लक्षात घ्यायला हवेत. गरिबांना मदत देण्याच्या १८४७च्या कायद्यात एक कलम घातलं गेलं. पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला मदत मिळणार नाही. पोटात घास हवा तर जमीन सोड. दुसरा नियम जमीनदारासाठी होता. ज्या कुळाच्या जमिनीचं करमूल्य चार पौंडांपर्यंतच आहे, त्याच्या वाट्याचा गरीब-कर जमीनदाराने भरायचा. म्हणजे जमिनीवर जितकी फाटकी कुळं, तितका त्याला भुर्दंड. कूळ हटलं की करही टळला. आणि हटवलेलं कूळ पुन्हा येऊन बसू नये म्हणून घरच राहू द्यायचं नाही, पाडायचं किंवा जाळायचं. पहारी घेऊन घरं पाडणाऱ्या टोळ्यांना लोकांनी 'क्रोबार ब्रिगेड' असं नाव ठेवलं होतं. पहार पलटणच म्हणा ना.

गाण्यातल्या बापाला हे चार पौंडांचं गणित माहीतही नसेल. त्याला दिसलं ते छप्पर.

१८४१च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. १८५१ मध्ये ती सुमारे साडेपासष्ट लाखांवर आली. साधारण दहा लाख माणसं उपासमारीने आणि तिच्यामागून आलेल्या तापांनी गेली, आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. आज आयर्लंडचं प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड मिळून सत्तर लाखांच्या आसपास लोक राहतात. पावणेदोनशे वर्षं झाली, तरी तो जुना आकडा बेटाने पुन्हा गाठलेला नाही.

आयरिश भाषेत या काळाला 'गॉर्टा मोर', म्हणजे मोठी भूक, म्हणतात. आणखी एक नाव आहे, त्याचा अर्थ फक्त 'वाईट काळ' असा होतो. आपल्याकडे सापाला 'जनावर' म्हणतात तसं, नाव न घेता बोलायची रीत.

स्किबरीनच का?

दुष्काळ सगळीकडे होता. मेयो, क्लेअरमध्ये तर विचारायला नको. तरी गाण्यात बसलं ते स्किबरीनच. कारण स्किबरीन बातमीत आलं.

डिसेंबर १८४६ मध्ये कॉर्कचा मॅजिस्ट्रेट निकोलस कमिन्स पाव घेऊन स्किबरीनजवळच्या एका वस्तीवर गेला. झोपड्यांतून त्याला जे दिसलं त्याबद्दल त्याने ड्यूक ऑफ वेलिंग्टनला पत्र लिहिलं, आणि ते २४ डिसेंबरला, ख्रिसमसच्या आदल्या दिवशी, लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून आलं. (हा वेलिंग्टन म्हणजे जालन्याजवळच्या असईच्या लढाईतला आर्थर वेलस्ली. जन्माने डब्लिनचाच.) दोन महिन्यांनी जेम्स महोनी हा कॉर्कचा चित्रकार त्या भागात फिरला आणि त्याची चित्रं 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये आली. त्याच सुमारास ऑक्सफर्डहून दोन तरुण मुद्दाम स्किबरीन बघायला आले आणि त्यांनी आपल्या प्रवासाची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांतला एक होता विशीतला लॉर्ड डफरिन. १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा भारताचा व्हाइसरॉय हाच होता. लंडनच्या तिजोरीवर बसून दुष्काळाच्या मदतीला कात्री लावणारा चार्ल्स ट्रेव्हेल्यनही आधी हिंदुस्थानात नोकरी करून गेलेला होता, आणि पुढे मद्रासचा गव्हर्नर होऊन परत आला. साम्राज्याच्या कचेऱ्यांत माणसं अशी इकडून तिकडे फिरत. पैसाही फिरला. आयर्लंडच्या भुकेसाठी कलकत्त्यात निधी उभा राहिला, मुंबईतूनही मदत गेली.

गावाच्या कडेला ॲबीस्ट्रूरी नावाची दफनभूमी आहे. तिथे आठ ते दहा हजार माणसं पेटीविना एकत्र पुरली आहेत. पेट्या परवडत नव्हत्या म्हणून तळाला बिजागरी लावलेली एकच पेटी पुन्हा पुन्हा वापरायचे. खड्ड्यावर नेऊन तळ उघडायचा आणि रिकामी पेटी पुढच्यासाठी परत न्यायची. बिजागरीच्या पेटीची गोष्ट एकदा कानावर पडली की स्किबरीन हे नाव कुणाला वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

घरी मौन, परमुलखात गाणं

आता एक गोष्ट सांगतो ती ऐकून थोडा भ्रमनिरास होईल. हे गाणं स्किबरीनच्या झोपडीत जन्मलेलं दिसत नाही. १८८० मध्ये बोस्टनला निघालेल्या एका आयरिश गीतसंग्रहात ते छापलेलं सापडतं, आणि तिथे त्याच्यावर पॅट्रिक कार्पेंटर या कवीचं नाव आहे. तो मूळचा स्किबरीनचा असल्याचं सांगतात. म्हणजे आग लागल्यानंतर तीसेक वर्षांनी, समुद्रापलीकडे, छापखान्याच्या शाईत ते आपल्याला पहिल्यांदा ठळकपणे भेटतं. पुढे लोकांनी ते तोंडी घोळवलं, कडवी वाढली-गळली, चाल बदलली, कवीचं नाव पुसलं गेलं आणि ते 'लोकगीत' झालं. लोकगीताला कर्ता नसतो हा आपला समज आहे. कर्ता असतो. लोक त्याला विसरतात, आणि त्या विसरण्यातून गाणं सगळ्यांचं होतं.

पण परदेशातच का? कारण मायदेशी जे उरले त्यांना बोलणं अवघड होतं. दुष्काळातून जगणं म्हणजे काहीतरी करून जगणं. शेजाऱ्याची पडीक पडलेली जमीन आपण घेतली. ताप घरात शिरू नये म्हणून बहिणीच्या पोरांना दार उघडलं नाही. काही मिशनऱ्यांनी धर्म बदलण्याच्या अटीवर सूप दिलं होतं, त्यामुळे 'त्यांनी सूप घेतलं' ही शिवी काही घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या चिकटली. ज्या गावात सूप घेणारा आणि न घेणारा यांची नातवंडं एकाच बाकावर बसतात, तिथे गाणं म्हणायचं कुणी? बोस्टनमध्ये ही अडचण नव्हती. तिथे सगळेच नेसत्या वस्त्रानिशी आलेले, आणि दोषी समुद्रापलीकडे राहिलेले.

गाण्याचा गळा मात्र जुना होता. आयर्लंडमध्ये मयताच्या घरी बायका सूर लावून शोक करायच्या. त्याला 'कीनिंग' म्हणतात. मेलेल्याचं कूळ, त्याचे गुण, त्याच्या मारेकऱ्याला शाप, हे सगळं तिथल्या तिथे रचून म्हणायचं. एलीन ओ'कॉनलने १७७३ मध्ये मारल्या गेलेल्या आपल्या नवऱ्यासाठी, आर्ट ओ'लेअरीसाठी, रचलेला विलाप असाच तोंडातोंडी टिकला आणि बऱ्याच नंतर कागदावर आला. चर्चला हे रडणं पसंत नव्हतं. हळूहळू ते थांबलं, पण त्यातली कूळ सांगायची आणि शापायची सवय गाण्यांत उतरली. 'स्किबरीन'मधला सूड त्या जातकुळीचा आहे.

अमेरिकेला जाणाऱ्या मुलासाठीही मयतासारखीच रात्र जागवायचे. 'अमेरिकन वेक' म्हणायचे तिला. आदल्या रात्री शेजारपाजार जमायचा, नाच व्हायचा, गाणी व्हायची, आणि पहाटे आई शोक करायची, कारण जिवंत मुलगा पुन्हा दिसणार नाही हे तिला ठाऊक असायचं. मुलाने सोबत काय नेलं? एक बोचकं, आणि त्या रात्रीची गाणी. मला वाटतं, आयरिश गाण्यांत निरोप आणि मरण एकमेकांत इतके मिसळलेले का असतात, याचं उत्तर या एका रिवाजात आहे.

'शॅन-नोस' म्हणजे जुनी रीत. या गायकीत गाणारा एकटाच, वाद्याशिवाय गातो, स्वरांना बारीक वळणं देतो आणि बहुधा डोळे मिटून घेतो. कधीकधी शेजारचा माणूस त्याचा हात हातात घेऊन लयीत हळूहळू फिरवत राहतो. ऐकणारे मध्येच शाबासकी देतात. गाणाऱ्याने आपल्या भावनांचं प्रदर्शन करायचं नसतं. गोष्ट पोचवायची आणि बाजूला व्हायचं. जात्यावर बसलेली बाईही ओवी म्हणताना कुणाकडे बघत नसते.

तीन कड्यांची साखळी

आता मूळ कोड्याकडे. न भोगलेलं आठवतं कसं?

साहित्याच्या अभ्यासक मारिआन हिर्श यांनी यासाठी 'पोस्टमेमरी' असा शब्द वापरला. ज्यूंच्या वंशसंहारातून वाचलेल्यांच्या मुलांबद्दल त्या लिहीत होत्या. आईबापांनी सोसलेलं त्या मुलांनी गोष्टींतून, फोटोंतून, घरातल्या गप्प बसण्यातून इतकं घेतलं की ते त्यांच्या स्वतःच्या आठवणीसारखं वागू लागलं. शब्द जड आहे, पण आपल्यातल्या अनेकांना अनुभव ओळखीचा वाटेल.

दुसरा धागा मेंदूचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या एका संशोधकाने २००९ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना त्यांच्या लहानपणच्या-तरुणपणच्या काळातल्या गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि मेंदू कुठे जागा होतो ते पाहिलं. जी गाणी स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग आठवून देत, त्यांच्या वेळी कपाळामागचा एक भाग जास्त कामाला लागत होता. आपण कोण, आपलं कोण, याचा हिशेब ठेवणाऱ्या भागांपैकी तो एक. अल्झायमरमध्ये हा भाग तुलनेने उशिरा खराब होतो. नाव विसरलेली आजी गाणं का विसरत नाही, याचं एक कारण हे असावं.

हे दोन धागे एकत्र पिळले की कोडं बरंचसं सुटतं. काका गातो तेव्हा ऐकणाऱ्याला १८४७ आठवत नसतं, ते शक्यच नाही. त्याला आठवतात हेच गाणं म्हणणारे त्याचे आजोबा. त्यांचा तंबाखूचा वास, गाताना गुडघ्यावर ठेवलेला हात, त्या रात्री पांघरलेली गोधडी. ही आठवण शंभर टक्के खरी आहे. आणि गाताना आजोबांना काय आठवत होतं? त्यांचे आजोबा. हिशेब करून बघा. १९५०च्या दशकात नातवाला मांडीवर घेऊन गाणारा म्हातारा १८८०च्या आसपास जन्मलेला. त्याच्या लहानपणी सत्तरीत असलेल्या माणसाने दुष्काळ स्वतः पाहिलेला. तीन माणसं, बस्स. साखळीतली प्रत्येक कडी आपल्या मागच्या कडीला हाताने धरून आहे, आणि शेवटची कडी जळत्या छपरासमोर उभी आहे.

'स्किबरीन' या साखळीला इतकं सोयीचं का पडलं, तेही पाहण्यासारखं आहे. गाण्यात बापाला नाव नाही, मुलाला नाव नाही, जमीनदाराला नाव नाही. फक्त गावाला आहे. रिकाम्या जागा भरपूर. शिवाय मांडणी संवादाची आहे, आणि घरात ते म्हणायला बापच बसलेला असतो. मुलाने जो प्रश्न घरात कधी विचारला नाही, तो गाण्यातला मुलगा त्याच्यासाठी विचारतो. बापाला घरात कधी सांगता न आलेलं उत्तर त्याच्या तोंडून निघतं, आणि कुणाला कुणाकडे बघावं लागत नाही.

आयरिश भाषेत यासाठी एक शब्द आहे, 'दूखस'. वारसा असं त्याचं भाषांतर करतात, पण त्यात मूळगाव येतं, वंशपरंपरा येते आणि जन्मजात स्वभावही येतो. मराठीत एका शब्दात मावत नाही. 'पिंड' बराच जवळ जातो. मांजराच्या डोळ्यांतून तिचा दूखस बाहेर पडतोच, अशी तिकडे म्हण आहे.

गाणं खोटंही बोलतं

इथे थोडं सावध व्हायला हवं. गाण्यातला बाप दुष्काळात घर गमावतो आणि १८४८च्या उठावातही असतो. प्रत्यक्षात तो उठाव म्हणजे टिपरेरी काउंटीतल्या बॅलिंगॅरीजवळ एका विधवेच्या घराभोवती झालेली चकमक. भुकेने खंगलेल्या लाखोंपैकी फार थोडे त्यात होते. पण गाण्याला फक्त बळी नको होता, लढणारा बाप हवा होता. कुणाला आवडेल आपला पणजोबा नुसताच उपाशी होता म्हणून सांगायला?

आणखी एक. गाण्यात दोषी एकच, परका. खऱ्या इतिहासात परका होताच, आणि मोठा दोष त्याचाच. पण रिकाम्या झालेल्या जमिनी स्वस्तात घेणारे शेतकरी आणि धान्य दाबून ठेवणारे व्यापारी आयरिशच होते. गाणं त्यांच्याबद्दल गप्प आहे.

अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांसाठी 'डॅनी बॉय'चं उदाहरण पुरेसं आहे. जगभरच्या आयरिश अंत्यविधींत वाजणाऱ्या या गाण्याचे शब्द फ्रेडरिक वेदरली या इंग्रज वकिलाचे. १९१० मध्ये त्याने ते लिहिले. पुढे अमेरिकेत राहणाऱ्या त्याच्या भावजयीने एक आयरिश चाल कळवली आणि १९१३ मध्ये गाणं त्या चालीवर आलं. ती चाल उत्तर आयर्लंडमधल्या लिमावाडी गावच्या जेन रॉस यांनी टिपून ठेवली होती, १८५५ मध्ये छापलीही गेली होती. शब्द इंग्रज, चाल आयरिश, टपाल अमेरिकन. रडणाऱ्याला याने काडीचा फरक पडत नाही, आणि पडूही नये. फक्त गाण्यावरून वंशावळ काढायला बसू नये.

जळालेला दप्तरखाना

वंशावळ काढायची तर कागद हवेत, आणि तिथेच आयरिश लोकांचं दुर्दैव आडवं येतं. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या सुरुवातीला, डब्लिनमधल्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारात स्फोट होऊन आग लागली आणि सार्वजनिक दप्तरखाना जळाला. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांचे बहुतेक कागद त्यात गेले. १८६१ आणि १८७१चे सरकारने आधीच नष्ट केले होते, आणि १८८१ व १८९१चे पहिल्या महायुद्धात कागदटंचाई म्हणून लगद्यात गेले. म्हणजे ज्या वर्षांबद्दल गाणं बोलतं, नेमकी तीच वर्षं दप्तरातून गायब.

यातला एक गमतीचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९०९च्या जानेवारीत सत्तरीपुढच्या म्हाताऱ्यांना पेन्शन सुरू झालं. पण सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४पासून सुरू झालेली. म्हाताऱ्यांनी वय सिद्ध करायचं कसं? जानेवारी १८३९ मध्ये एक महाभयंकर वादळ झालं होतं. 'मोठ्या वाऱ्याची रात्र' ज्याला आठवते तो सत्तरीचा, असा सोपा निकष पुढे आला. मग काय, गावोगाव सगळ्यांनाच तो वारा आठवू लागला. काहींनी मात्र १८४१ आणि १८५१च्या जनगणनेतून आपल्या नावाचे उतारे मागवले. मूळ कागद पुढे जळाले, आणि पेन्शनसाठी काढलेले काही उतारे तेवढे वाचले.

कागद नसलेल्या देशाने माणसांनाच विचारायचं ठरवलं. १९३५ मध्ये आयरिश लोककथा आयोग स्थापन झाला. १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या मुलांना वह्या देऊन सांगितलं गेलं की घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांकडून जुन्या गोष्टी लिहून आणा. दुष्काळ हाही एक विषय होता. सुमारे पन्नास हजार मुलांनी लिहिलं. शाळकरी अक्षरातली ती पानं आज इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात, आणि त्या संकेतस्थळाचं नावच 'दूखस' आहे. घरातलं मौन मुलांसमोर थोडं सुटलं, ते असं.

अमेरिकेत आज तीन कोटींहून जास्त लोक आपलं मूळ आयरिश सांगतात. आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर जन्मल्याचं सिद्ध झालं तर नातवाला नोंदणी करून आयरिश नागरिकत्व मिळतं, त्यामुळे या शोधाला नुसती हौस म्हणता येत नाही. उलट दिशेची ओढही असते. मालवण तालुक्यातल्या वराडचे डॉक्टर अशोक वराडकर आयर्लंडला स्थायिक झाले, त्यांचा डब्लिनला जन्मलेला मुलगा लिओ २०१७ मध्ये तिथला पंतप्रधान झाला आणि २०१९च्या डिसेंबरात पदावर असतानाच वराडला आला. गावाने त्याला पाहुण्यासारखं नाही, नातवासारखं घेतलं.

आपल्या गाणाऱ्या आजोबांचं गाव शोधू पाहणारा आयरिश-अमेरिकन माणूस बहुधा १९०१ आणि १९११च्या जनगणनेपाशी पोचतो, कारण १९२२च्या आगीआधीच्या जनगणनांपैकी अख्ख्या टिकलेल्या याच दोन. आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या फुकट खुल्या केल्या आहेत. त्यात घरटी एक तक्ता आहे. नाव, नातं, धर्म, लिहिता-वाचता येतं का, आयरिश बोलता येतं का. कुटुंबप्रमुखाला लिहिता येत नसेल तर सहीच्या जागी फुली.

१९११च्या तक्त्यात विवाहित बाईसाठी नवे रकाने आले. लग्नाला किती वर्षं झाली, एकूण मुलं किती झाली, हयात किती. समजा तिथे लिहिलंय, झाली नऊ, हयात सात. आणि वरच्या यादीत मुलांची नावं दोनच. उरलेले पाच कुठे आहेत, यासाठी त्या कागदावर रकाना नाही.